इंजिनिअरिंगमधून सप्लाय चेन कन्सल्टिंगमध्ये जायचंय? मग पहिला क्लायंट तुमचीच कंपनी

अप्रेझलची पत्रं हातात पडली की हा प्रश्न हमखास येतो. मेकॅनिकल नाहीतर प्रॉडक्शन केलेलं, पाच-सात वर्षं तळोजा, अंबरनाथ, रबाळे नाहीतर चाकणच्या प्लांटमध्ये काढलेली, रात्री दोनला येणाऱ्या ब्रेकडाऊनच्या फोनला कंटाळलेली माणसं विचारतात की सप्लाय चेन कन्सल्टिंगमध्ये जायचंय, एमबीए करू का, की तो सीएससीपीचा (सप्लाय चेनचं एक सर्टिफिकेट) कोर्स करू, की सॅप (कंपन्यांचा माल-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) शिकू. माझं म्हणणं एकच, यातलं काहीही करायच्या आधी तुम्ही आत्ता जिथे पगार घेताय तिथेच सप्लाय चेनचा एक प्रोजेक्ट करा, छोटा असला तरी चालेल, पण तो रुपयात मोजलेला पाहिजे आणि त्या आकड्यावर अकाउंट्सवाल्याने मान डोलावलेली पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागून.

काम नक्की असतं काय

क्लायंट कधी येऊन "आमची सप्लाय चेन सुधारा" असं म्हणत नाही. तो म्हणतो, गोडाऊन फुल आहे तरी डीलर माल नाही म्हणून ओरडतोय. किंवा भाड्याचा खर्च वाढत चाललाय आणि का ते कोणालाच धड सांगता येत नाहीये. किंवा महिन्याचा अर्धा माल शेवटच्या आठवड्यात निघतो, पहिल्या आठवड्यात गोडाऊनची माणसं माशा मारत बसतात आणि २८ तारखेला दुप्पट पैसे देऊनही गाडी मिळत नाही. नाहीतर साधा सरळ प्रश्न असतो, आम्हाला डेपो किती पाहिजेत.

हा डेपोचा प्रश्न जरा समजून घ्या कारण इंटरव्ह्यूमध्येही तो फिरून फिरून येतो. जीएसटीच्या आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विकलं की २ टक्के केंद्रीय विक्रीकर बसायचा आणि पुढे त्याचं क्रेडिट मिळायचं नाही, पण तोच माल स्वतःच्या डेपोला ट्रान्सफर केला की तो कर लागायचा नाही, म्हणून कंपन्यांनी जवळपास प्रत्येक राज्यात एकेक डेपो नाहीतर सीएफए (कंपनीचा माल ठेवून पुढे पाठवणारा एजंट) टाकून ठेवला. १ जुलै २०१७ पासून ते कारणच संपलं. तरी कित्येक डेपो अजून आहेत, कारण तिथे माणसं आहेत, जुने संबंध आहेत आणि सेल्सवाल्यांना आपल्या राज्यात माल डोळ्यासमोर लागतो. आता गणित असं सांगतं की सेफ्टी स्टॉक, म्हणजे ऐनवेळी कमी पडू नये म्हणून ठेवलेला जादा माल, साधारण डेपोंच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे हलतो, म्हणजे २५ चे ९ केले तर पाचाला तीन, ४० टक्के कमी. हे सगळ्या डेपोंची मागणी सारखी आणि एकमेकांशी संबंध नसलेली आहे असं धरून, आणि ती तशी कधीच नसते. शिवाय डेपोपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंतचं भाडं वाढतं, आज सांगितलेला माल उद्याऐवजी परवा पोचतो, आणि सेल्स हेड मीटिंगमध्ये टेबल आपटतो. गणित अर्धा दिवसात होतं, सेल्स हेडला पटवायला तीन महिने लागतात, आणि फी त्या तीन महिन्यांची असते.

हे काम करणाऱ्या कंपन्यांचे तीन-चार प्रकार आहेत. बीकेसी-लोअर परळवाल्या मोठ्या स्ट्रॅटेजी फर्म आणि बिग फोर (ऑडिटमधल्या चार बड्या फर्म), यांच्याकडे ऑपरेशन्सची वेगळी टीम असते. सॅप किंवा प्लॅनिंगची सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या आयटी कंपन्या. फक्त खरेदी म्हणजे प्रोक्युरमेंट बघणाऱ्या. आणि लहान, पंधरा-वीस माणसांच्या फर्म ज्या फक्त सप्लाय चेनच करतात. प्लांटमधून आलेल्या माणसाला सगळ्यात लवकर दार या शेवटच्या प्रकारात उघडतं असं माझं मत, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून साइटवर उभं राहू शकणारा माणूस हवा असतो.

तुमच्याकडे काय आहे, काय नाही

बॅच साइज मोठा का ठेवतात, चेंजओव्हरला (एक माल थांबवून लाइन दुसऱ्यासाठी लावायला) खरंच चार तास लागतात की सुपरवायझर सांगतो म्हणून चार तास, कागदावरची कपॅसिटी आणि दिवाळीच्या आठवड्यातली कपॅसिटी यात किती फरक, रिजेक्शनचा माल कुठल्या कोपऱ्यात पडतो, हे तुम्हाला माहितीये. चांगल्या कॉलेजातून थेट आलेल्या कन्सल्टंटला ते माहीत नसतं आणि प्लांट हेड पहिल्या पाच मिनिटात त्याला ओळखतो. ही तुमची जमेची बाजू, ती सीव्हीमध्ये दिसली पाहिजे.

नाही काय, तर पैशाची भाषा. इंजिनिअर म्हणतो ओईई (मशीनचा प्रत्यक्ष किती टक्के उपयोग झाला ते) ६२ वरून ७१ झाला, सीएफओ (कंपनीचे पैसे सांभाळणारा साहेब) म्हणतो बरं, मग? त्यातून निघालेला जादा माल विकला गेला का, की गोडाऊनमध्ये जाऊन बसला? विकला गेला नसेल तर तुम्ही फक्त कंपनीचे पैसे जास्त वेगाने अडकवलेत. वर्किंग कॅपिटल (रोजच्या धंद्यात अडकलेला पैसा), इन्व्हेंटरी म्हणजे पडून असलेला माल किती दिवसांचा, उधारी किती दिवसांची, क्रेडिटर किती दिवसांचे, हे स्वतःच्या कंपनीच्या बॅलन्स शीटवरून काढता आलं पाहिजे. कंपनी लिस्टेड असेल तर अॅन्युअल रिपोर्ट फुकट मिळतो, नसेल तर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एखाद्या लिस्टेड कंपनीचा घ्या आणि एका रविवारी बसून काढा. आयटीवाल्यांचं उलट असतं, डेटा येतो पण मालाला हात लागलेला नसतो, त्यांनी खालचा गोडाऊनचा भाग दोनदा वाचा.

पहिला प्रोजेक्ट

इन्व्हेंटरी घ्या, कारण डेटा घरातच असतो आणि कोणाची परवानगी फारशी लागत नाही. तुमच्या साहेबाला सांगून करा मात्र, चोरून नको. सॅप असेल तर एमबी५१ मधून मालाची ये-जा, एमबी५२ मधून आजचा स्टॉक आणि एमई२एन मधून पर्चेस ऑर्डर्स काढा, साधारण वर्ष-दीड वर्षाच्या. टॅली असेल तर तिथूनही निघतं, फक्त आयटमची नावं तीन-तीन प्रकारे लिहिलेली असतात ती साफ करण्यात पहिला आठवडा जातो. वैतागू नका, कन्सल्टिंगमध्येही पहिले आठवडे असेच जातात.

आयटम किमतीप्रमाणे लावा, वरच्या थोड्याशा आयटममध्ये बहुतेक पैसा असतो, तेवढेच घ्या. मग प्रत्येकाचं लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल यायला लागणारा वेळ, बघा, आणि इथेच घोडं पेंड खातं. सॅपच्या मास्टरमध्ये 'प्लॅन्ड डिलिव्हरी टाइम' म्हणून जो आकडा असतो तो बऱ्याच ठिकाणी सॅप लाइव्ह झालं त्या दिवशी कोणीतरी भरलेला असतो आणि नंतर त्याला कोणी हात लावलेला नसतो. ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख यातून खरा आकडा काढा, सरासरी पण आणि वर-खाली किती होतो ते पण.

एक हिशोब करून दाखवतो. समजा पंप बनवणारी कंपनी आहे, बाहेरून सील येतं. आठवड्याला सरासरी ४०० लागतात, स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीपासून साधारण किती वर-खाली होतं ते) १००, लीड टाइम ९ आठवडे. ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलला (माल न संपण्याची खात्री) झेड, म्हणजे त्यासाठीचा ठरलेला गुणक, धरतात १.६५. नेहमीचा फॉर्म्युला म्हणजे १.६५ गुणिले १०० गुणिले ९ चं वर्गमूळ, उत्तर ४९५. बहुतेक लोक इथे थांबतात. पण माल कधी आठ आठवड्यात येतो कधी दहा, म्हणजे लीड टाइमचंही डेव्हिएशन आहे, समजा १ आठवडा. मग वर्गमुळाच्या आत ९ गुणिले १०० चा वर्ग, अधिक ४०० चा वर्ग गुणिले १ चा वर्ग, म्हणजे ९०,००० अधिक १,६०,०००, वर्गमूळ ५००, आणि सेफ्टी स्टॉक ८२५. ४९५ ठेवून बसलेल्या कंपनीत लाइन का थांबते ते इथे कळतं.

पुढची गंमत बघा. पर्चेसवाला म्हणतो जवळचा सप्लायर शोधू, ९ चे ४ आठवडे करू. ठीक, पण वर-खाली होणं तसंच राहिलं तर सेफ्टी स्टॉक ८२५ चा ७३८ होतो, बस. उलट सप्लायर तोच, ९ आठवडेच, फक्त त्याचं वर-खाली होणं एका आठवड्यावरून अर्ध्यावर आणलं तर ५९५. म्हणजे सेफ्टी स्टॉकपुरतं बोलायचं तर लवकर येण्यापेक्षा वेळेवर येणं जास्त कामाचं निघालं. हां, वाटेतल्या मालाचे पैसे आधीच दिलेले असतील तर पाच आठवडे कमी झाल्याने २,००० नग वाटेतून कमी होतात, तो फायदा वेगळा आणि मोठा, तो लपवू नका. दोन्ही बाजू मांडल्या की समोरचा तुम्हाला कन्सल्टंट समजायला लागतो.

आता रुपये. सील २,००० रुपयाचं धरलं तर ८२५ आणि ५९५ मधले २३० नग म्हणजे ४ लाख ६० हजार. हे वाचलेले पैसे नाहीत, हे मोकळे झालेले पैसे आहेत, एकदाच. वर्षाला वाचतो तो ठेवण्याचा खर्च, १५ टक्के धरला तर ६९,०००. पहिल्या आकड्याला 'वार्षिक बचत' म्हणून स्लाइडवर लिहिलंत तर सीएफओ तिथेच लॅपटॉप बंद करेल, आणि बरोबरच करेल. अजून एक, ९५ टक्के म्हणजे १०० वेळा माल मागवला तर ९५ वेळा संपणार नाही, १०० नगांपैकी ९५ मिळतील असं नाही. इंटरव्ह्यूमध्ये हा फरक विचारतात.

असे दहा-पंधरा आयटम करा, स्टोअर्सच्या माणसाला बरोबर घेऊन खरे मिन-मॅक्स (कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती स्टॉक ठेवायचा ते आकडे) बदला, तीन-चार महिने आकडे बघा आणि अकाउंट्सकडून एक ई-मेल घ्या की हो, एवढा स्टॉक कमी झाला आणि लाइन थांबली नाही.

भिवंडी, न्हावा शेवा आणि गेटवरची रांग

मुंबईत राहण्याचा फायदा हा की सप्लाय चेन बघायला लांब जावं लागत नाही. भिवंडीची गोडाऊनं, कळंबोलीचं स्टील मार्केट, वाशीची एपीएमसी, आणि न्हावा शेवाचं बंदर, जे १९८९ ला सुरू झालं आणि देशातल्या कंटेनरची मोठी वाहतूक अजूनही ज्याच्यावर चालते. कोणी ओळखीचा असेल तर भिवंडीतल्या एखाद्या गोडाऊनमध्ये एक पूर्ण शिफ्ट काढा, एसी केबिनमध्ये नाही, डॉकवर, म्हणजे गाडी लावून माल चढवतात-उतरवतात तिथे. शक्यतो २८-२९ तारखेला जा.

काय बघायचं? गाडी गेटवर कधी आली, डॉकला कधी लागली, कधी सुटली. कागदाला किती वेळ गेला, मालाला किती. साधं गणित घ्या, लिटल्स लॉ म्हणतात त्याला. तासाला ५ गाड्या येतात आणि प्रत्येक गाडी ४ तास अडकते, तर आत-बाहेर मिळून सरासरी २० गाड्या उभ्या असणार, यार्डात जागा १२ ची असेल तर ८ रस्त्यावर. जागा वाढवायची नसेल तर गाडीचा वेळ २ तास २४ मिनिटांच्या आत आणावा लागेल. क्लायंट नवीन डॉक बांधायला निघालेला असतो आणि खरं दुखणं असतं की इनव्हॉइस संध्याकाळी पाचनंतर एकगठ्ठा निघतात.

ड्रायव्हरशी बोला, चहा पाजा, डिटेंशन (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) किती लागतं आणि ते कोणाच्या खिशातून जातं ते तोच सांगतो. ई-वे बिलाची (माल वाहतुकीचा जीएसटीचा परवाना-कागद) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते, गाडी रखडली की ती वाढवून घ्यायची धावपळ होते. आणि मुकादमाशी बोला. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा आहे, टोळी (हमालांचा गट), बोर्ड (माथाडी मंडळ), लेव्ही (मजुरीवर बोर्डाला भरायची रक्कम), वाराई (माल चढ-उताराची मजुरी) हे शब्द आणि त्यामागची व्यवस्था समजली नाही तर तुमचं "आपण रात्रपाळी सुरू करू" हे वाक्य कागदावरच राहतं. तसंच गणपतीच्या आधी मुंबई-गोवा हायवेवर अवजड वाहनांना बंदी लागते, दरवर्षी, मग महाड-लोटेच्या प्लांटचा माल आधी काढायचा असतो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, पण क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये तुम्ही हे ऑगस्टमध्ये बोललात की खोलीतली जुनी माणसं तुमच्याकडे वळून बघतात.

कोर्स आणि टूल्स

एक्सेल, खरंच येणारं एक्सेल. पिव्हट, एक्सलुकअप, पॉवर क्वेरी, सॉल्व्हर. त्यावर थोडं एसक्यूएल आणि पॉवर बीआय. पायथॉन आलं तर छान, नाही आलं तर अडत नाही.

सर्टिफिकेटचं सांगायचं तर सीपीआयएम आणि सीएससीपी ही दोन्ही एएससीएम या सप्लाय चेनच्या संस्थेची, जिला आधी एपिक्स म्हणायचे. सीपीआयएम प्लॅनिंग आणि इन्व्हेंटरीच्या आतल्या गोष्टींसाठी, सीएससीपी पूर्ण साखळीसाठी. एचआरच्या चाळणीतून सीव्ही पुढे सरकायला उपयोग होतो, कंपनी पैसे भरत असेल तर जरूर करा, स्वतःच्या खिशातून करणार असाल तर आधी वरचा प्रोजेक्ट. पवईला आयआयएम मुंबई आहे, २०२३ पर्यंतचं नीटी, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आणि ऑपरेशन्ससाठी तिचं नाव जुनं आहे, वर्किंग लोकांसाठीचे प्रोग्रॅम तिथे असतात. पूर्णवेळ एमबीए मला तेव्हाच पटतं जेव्हा मोठ्या स्ट्रॅटेजी फर्मच हव्या असतात आणि वय तिशीच्या आत आहे, गृहकर्ज नाही. नाहीतर दोन वर्षांचा पगार आणि फी दोन्ही धरा आणि मग ठरवा, हिशोब तुम्हाला येतोच.

सीव्ही आणि इंटरव्ह्यू

सीव्हीमधून "रिस्पॉन्सिबल फॉर" छापाच्या ओळी काढा. काय अडलं होतं, तुम्ही काय बदललं, रुपयात काय झालं, एवढंच. कंपनीचा खरा डेटा, सप्लायरची नावं, रेट यातलं काहीही बरोबर नेऊ नका आणि इंटरव्ह्यूमध्ये सांगू नका. समोरचा मुद्दाम खोदून विचारतो कधीकधी, हा त्याच्या क्लायंटची गुपितं ठेवेल का ते बघायला.

केस, म्हणजे सोडवायला धंद्यातला एक प्रश्न, देतात. उदाहरणार्थ, बिस्किट कंपनीचं टनामागे भाडं वाढलंय, का ते सांगा. घाईत "डिझेल महागलं" म्हणू नका. तोडा त्याला: किलोमीटरचा रेट, अंतर, आणि गाडीत किती माल जातो. बिस्किटाची गाडी वजनाने भरत नाही, जागेने भरते. समजा ३२ फुटी गाडीत आधी सरासरी ७ टन जायचे आणि नवीन फुगीर पॅकेटमुळे आता ६ जातात, तर भाडं एक रुपयाने न वाढता टनामागचा खर्च जवळपास १७ टक्के वाढतो. म्हणजे प्रश्न ट्रान्सपोर्टरचा नाही, मार्केटिंगने बदललेल्या पॅकेटचा आहे. असं उत्तर आलं की पुढचा राउंड नक्की. आणि कृपा करून डबेवाल्यांचं उदाहरण देऊ नका. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण मुंबईत इंटरव्ह्यू घेणाऱ्याने ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की तो मनातल्या मनात पेन खाली ठेवतो.

बदल करताना

नोटिस पिरियड ९० दिवसांचा असेल तर नवीन ठिकाणी पहिल्याच बोलण्यात सांगा, ट्रेनिंगचा बाँड असेल तर तोही. पदाचं नाव एक-दोन पायऱ्या खाली येऊ शकतं, प्लांटमध्ये मॅनेजर होतात आणि तिकडे असोसिएट म्हणून २६ वर्षांच्या पोरीच्या हाताखाली स्लाइड बनवायच्या, आणि ती तुमच्यापेक्षा हुशार असते बरं का. हे पचणार असेल तरच जा. थेट उडी जमत नसेल तर मधलं दार म्हणजे कंपनीच्याच प्लॅनिंग किंवा पर्चेसमध्ये बदली घ्या, वर्ष-दोन वर्षं काढा, तिथून कन्सल्टिंगवाले स्वतः उचलतात, कारण तुम्ही त्यांच्यासमोर क्लायंट म्हणून बसलेले असता. घरी आधी बोला. क्लायंट सिल्वासा, साणंद, बद्दी, होसूर कुठेही निघतो, सोमवारी पहाटेचं विमान आणि शुक्रवारी रात्री परत, मुलांच्या शाळेची मीटिंग नेहमी बुधवारीच असते.

स्वतंत्र काम करायचं मनात असेल तर वागळे इस्टेट, वसई, अंबरनाथच्या ५०-१०० कोटींच्या कंपन्या चांगल्या, तिथे मालक स्वतः भेटतो आणि निर्णय त्याच टेबलावर होतो. नोकरी चालू असताना मात्र करारातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचल्याशिवाय सुरू करू नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते, क्लायंट सहसा १० टक्के टीडीएस कापून पैसे देतो, त्यामुळे हातात येणारी रक्कम त्याप्रमाणे धरा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात असा कायदा आहे, मालकाला आठवण करून द्यायला बरं पडतं. "बचतीतले इतके टक्के तुमचे" असा सौदा ऐकायला गोड वाटतो पण वर्षअखेरीला बचत मोजायची कशी यावरून वाजतं, म्हणून निदान सुरुवातीला ठरलेली महिन्याची फी घ्या, सुरुवातीचा स्टॉकचा आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवा आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ मागा. मालक थोडी घासाघीस करेल, तेवढी करू द्या.